वांडाबाई आणि तीनचा नियम: फेरागामो घराण्याची केस

७ ऑगस्ट १९६० ला साल्वातोरे फेरागामो गेले, वय ६२. मागे बायको वांडा, वय ३८, जिने आयुष्यात कधी नोकरी केलेली नव्हती की धंद्यात लक्ष घातलेलं नव्हतं, आणि सहा पोरं. थोरली फियामा एकोणिसाच्या आतबाहेर, शेंडेफळ मास्सिमो जेमतेम तीनेक वर्षांचा. शिवाय फ्लॉरेन्समधला एक जुनाट भव्य वाडा आणि बायकांचे हाताने शिवलेले बूट विकणारी एक जगप्रसिद्ध कंपनी, जिचं डिझाईन, पेटंट, गिऱ्हाईकं, सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं आणि तो माणूस आता नव्हता. बाई, विकून मोकळ्या व्हा, असं सांगणारे होतेच, आणि खरं सांगायचं तर सल्ला वाईट नव्हता. मी त्या वेळी वांडाबाईंचा सीए असतो तर मीही तेच सांगितलं असतं.

त्यांनी विकली नाही. आज पासष्ट वर्षांनी कंपनी मिलानच्या शेअर बाजारात आहे आणि बहुसंख्य शेअर अजून घरातच आहेत. इटालियन फॅशनमध्ये हे सोपं नाही हो. त्याच फ्लॉरेन्समधली गुच्ची बघा, घराण्याचं नाव दारावर आहे आणि घराण्यातलं कुणीही आत नाही. त्यामुळे फॅमिली बिझनेसचा विषय निघाला की लोक गुच्चीची भानगड चवीने सांगतात, खून वगैरे आहे ना त्यात. मला मात्र फेरागामोची केस जास्त शिकण्यासारखी वाटते, कारण इथे जे झालं नाही ते का झालं नाही हे शोधावं लागतं. आणि दुसरं म्हणजे, भांडण न झाल्याचीही काही किंमत पडते का, हा प्रश्न इथेच नीट विचारता येतो.

आधी थोडं मागे जाऊ, कारण नेमकं काय वारसा म्हणून मिळालं होतं ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

साल्वातोरे १८९८ चा, नेपल्सच्या आतल्या बाजूला डोंगरात बोनितो नावाचं गाव आहे तिथला, चौदा भावंडांतला अकरावा. घरची परिस्थिती सांगायलाच नको. चपला-बूट शिवणं हे तिथे अगदी खालच्या दर्जाचं काम समजायचे, त्यामुळे घरच्यांचा विरोध. मग ती प्रसिद्ध गोष्ट, की बहिणीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला पांढरे बूट घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा नऊ वर्षांच्या या पोराने गावातल्या चांभाराकडून सामान मागून आणलं आणि रात्रीत बूट शिवून दिले. कंपनी ही गोष्ट इतकी वर्षं सांगतेय की आता ती गुळगुळीत झालीय, पण त्यातला मुद्दा खरा आहे, पोराला हात होता. नेपल्सला जाऊन थोडं शिकून आला, गावात स्वतःचं दुकान टाकलं, आणि सोळाव्या वर्षाच्या सुमारास अमेरिकेला भावांकडे.

बॉस्टनला बुटांच्या कारखान्यात भाऊ कामाला होता. तिथली मशीनं बघून बाकीचे इमिग्रंट हरखून जायचे, हा उलट वैतागला, म्हणे हे बूट म्हणजे वजनी धोंडे आहेत. मग कॅलिफोर्निया. सांता बार्बराला सिनेमावाल्यांसाठी काऊबॉय बूट, नंतर १९२३ ला हॉलिवूडमध्ये दुकान, मेरी पिकफर्ड, ग्लोरिया स्वान्सन अशी गिऱ्हाईकं. इथपर्यंतची स्टोरी अमेरिकन ड्रीम छापाची आहे म्हणून पटकन पुढे जातो, पण एक गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे. बूट छान दिसतात पण पाय दुखतात अशी तक्रार यायची, तर हा माणूस युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शरीररचनेच्या क्लासला जाऊन बसला. तिथे त्याला कळलं की उभ्या माणसाचं वजन पायाच्या कमानीवर येतं, आणि बुटाने आधार द्यायचा तो तिथे. मग त्याने तळाच्या आत, कमानीखाली, स्टीलची बारीक पट्टी बसवायला सुरुवात केली. उंच टाचेचा बूट असूनही चालताना कमान खाली बसत नाही, आणि पुढची बोटं चेंगरत नाहीत. गिऱ्हाईक बाई परत येते ती यासाठी. त्याचे ग्राहक वर्षानुवर्षं टिकले त्याचं कारण रंग-आकाराइतकंच हे होतं.

१९२७ ला तो इटलीला परतला, कारण ऑर्डरी हातात होत्या पण अमेरिकेत हाताने शिवणारे कारागीर मिळेनात. फ्लॉरेन्स निवडलं. दोनच वर्षांत अमेरिकन बाजार कोसळला, माल तर सगळा तिकडेच जायचा, आणि १९३३ ला दिवाळं. हे लक्षात ठेवा.

पुन्हा उभा राहिला आणि तेवढ्यात मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला, राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले. चांगलं स्टील मिळेना. ती कमानीखालची पट्टी देशी स्टीलची केली तर मोडायला लागली, बूट परत येऊ लागले. तेव्हा त्याने सार्डिनिया बेटावरचं बूच घेतलं, आपण बाटलीला बूच लावतो तेच, त्याचे तुकडे चिकटवले, घासले, आणि टाच आणि तळवा यांच्यामधली पोकळी भरूनच टाकली. पट्टीची गरजच संपली. आज ज्याला वेज हील म्हणतात, आपल्याकडे कुठल्याही बाजारात तीनशे-चारशे रुपयांना मिळतात त्या सँडल, त्यांचा आधुनिक अवतार तो हा. पेटंट घेतलं खरं, पण जगभर कॉपी झाली ती झालीच. चामडं मिळेना तेव्हा वरच्या भागाला राफिया, म्हणजे एका ताडाच्या पानांचा धागा, आणि चॉकलेट-गोळ्यांना असतो तसला सेलोफेनचा चमकदार कागद वळून त्याच्या दोऱ्या वापरल्या. मी असं ऐकलंय की टंचाईत माणसाचं डोकं चालतं, पण सगळ्यांचं चालत नाही, याचं चाललं एवढंच.

१९३८ ला पलाझ्झो स्पिनी फेरोनी घ्यायला सुरुवात केली, हप्त्याहप्त्याने. आर्नो नदीच्या काठचा तेराव्या शतकातला दगडी वाडा, पाच वर्षांपूर्वी दिवाळं निघालेल्या माणसाने. आणि १९४० ला लग्न, बोनितोच्याच डॉक्टरांची मुलगी वांडा मिलेत्ती, ती १८ ची, हा ४२ चा. ज्या गावात चांभार म्हणून नाकं मुरडली जायची त्याच गावच्या डॉक्टरांची लेक. गावाने काय म्हटलं असेल ते आपण कल्पना करू शकतो.

युद्धानंतरची वर्षं वैभवाची. १९४७ ला नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याची, म्हणजे मासे पकडायला वापरतात तसल्या दोऱ्याची, 'अदृश्य' सँडल केली, तिला अमेरिकेतल्या नीमन मार्कस या बड्या दुकानाचं फॅशन अवॉर्ड मिळालं, त्याच वर्षी ख्रिस्तियां दिओर यांनाही मिळालं होतं. पन्नासच्या सुमारास ७०० कारागीर आणि दिवसाला ३५० जोड. म्हणजे माणशी अर्धा जोड रोज! मेरिलिन मन्रो, ऑड्री हेपबर्न, प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी फर्मा, म्हणजे साचा, वेगळा करून नाव घालून फळीवर ठेवलेला, ते फर्मे आजही त्यांच्या म्युझियममध्ये आहेत.

तर १९६० ला वांडाबाईंच्या हातात हे आलं. वाडा, कारागीर, फर्मे, शेकडो पेटंट, जुन्या डिझाईनचा हजारोंचा साठा, नाव. आणि काय नव्हतं? नवीन डिझाईन काढणारा माणूस. वारस म्हणून तयार झालेला मुलगा नव्हता, फेरुच्यो पंधरा वर्षांचाही पुरता झालेला नव्हता. शिवाय धंद्याचं मॉडेलच अडचणीत येणार होतं. माणशी अर्धा जोड या हिशोबाने साठच्या दशकातल्या इटलीत, जिथे मजुरी वाढत चालली होती आणि कारखान्यात चांगले बूट निघायला लागले होते, किती दिवस तग धरणार?

पर्याय बघा. एक, विकणं, नाव मोठं होतं, पैसे मिळाले असते. दोन, कुणी बाहेरचा मॅनेजर नेमून आपण घरात बसणं, त्या काळच्या इटलीत विधवेने करायची हीच रीत. तीन, दीर-पुतण्यांच्या हातात देणं. त्यांनी चौथा घेतला, स्वतः ऑफिसात जाऊन बसल्या. आता हे ऐकायला छान वाटतं, पण हिरॉईन बनवून सोडून देऊ नका, त्यांना हे शक्य झालं त्यामागे एक अगदी व्यवहारी कारण होतं. फियामा. ती सोळाव्या वर्षापासून बापाच्या हाताखाली काम करत होती, आणि साल्वातोरेंनी तिला फर्मा कसा कोरायचा, कमान कुठे धरायची हे शिकवलेलं होतं. म्हणजे ज्ञान अगदी शंभर टक्के गेलं नव्हतं, थोडं पोरीच्या हातात उतरलं होतं. बापाने हे ठरवून केलं की पोरीला आवड होती म्हणून झालं, कोण जाणे. पण ते झालं नसतं तर बाकी सगळी कथाच नसती, असं माझं मत.

बाईंचं काम दुसरं होतं. साल्वातोरेंचं एक स्वप्न होतं की बाईला डोक्यापासून पायापर्यंत फेरागामोने नटवायचं, नुसते बूट नाही. वांडाबाईंनी ते स्वप्न प्लॅन म्हणून वापरलं, आणि मला वाटतं ही त्यांची सगळ्यात हुशारीची चाल होती, जरी त्या वेळी त्यांना तसं वाटलं असेल का माहीत नाही. कारण बघा ना, सहा पोरं आहेत. कंपनी फक्त बुटांची राहिली तर सहा जणांना एकच खुर्ची. कंपनी मोठी केली, कपडे, स्कार्फ, पर्स, पुरुषांचे बूट, टाय, अमेरिका, तर सहा खुर्च्या.

आणि तसंच झालं. फियामाकडे बायकांचे बूट आणि चामड्याचा माल. जोव्हान्नाकडे कपडे. फुल्वियाकडे रेशीम, म्हणजे स्कार्फ-टाय, ते प्राण्या-फुलांचे प्रिंट तिचे. फेरुच्यो १९६३ ला आला, त्याच्याकडे हिशोब, दुकानं, कारभार. लिओनार्दोकडे पुरुषांचा माल. मास्सिमोला अमेरिकेला पाठवलं. प्रत्येकाचं शेत वेगळं, बांध कुणी कोरायचा नाही. पण मालकी? ती एकत्र, पुढे होल्डिंग कंपनीत बांधलेली, फेरागामो फिनान्झियारिया. कामाची वाटणी झाली, मालकीची नाही.

इथे मुलींकडे जरा बघा. घरातला मुख्य माल, ज्याच्यावर नाव उभं आहे, तो तीन मुलींच्या हातात. गुच्चीत याच्या उलट. संस्थापक गुच्चो गुच्ची १९५३ ला गेले तेव्हा कंपनी तीन मुलांना दिली आणि दुकानात वर्षानुवर्षं राबलेल्या मुलीला, ग्रिमाल्दाला, कंपनीत एक शेअर नाही. ती कोर्टात गेली, हरली. आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात, तिथे मृत्युपत्रातच कारभार उरकला.

फियामाचं काम म्हणजे नुसतं बापाचं रिपीट नव्हतं. तिलाही १९६७ ला तेच नीमन मार्कस अवॉर्ड मिळालं, वडिलांनंतर वीस वर्षांनी. आणि १९७८ ला तिने 'वारा' (Vara) नावाचा बूट काढला. कमी उंचीची टाच, गोल पुढा, वर सोनेरी पट्टी आणि एक बो. कंपनीच सांगते की बो चामड्याचा व्हायचा होता, कारागिराने चुकून ग्रोग्रेनच्या, म्हणजे त्या आडव्या रेघांच्या जाडसर रिबनचा केला, आणि फियामाने बघून तोच ठेवला. हा बूट अजून विकला जातोय, जपानी ऑफिसातल्या बायकांनी तर डोक्यावर घेतला. मला त्यातली मजा अशी वाटते की हॉलिवूडच्या नट्यांच्या एकेका पायाचा फर्मा करणाऱ्या घराने शेवटी पैसा कमावला तो नोकरदार बाईला रोज आठ तास घालता येईल अशा बुटावर. आणि तो विकला गेला कारण आत तीच बापाची कमान होती. फक्त आता तो रोजच्या अर्ध्या जोडाच्या हिशोबाने शिवला जात नव्हता. उत्पादन हळूहळू बाहेरच्या इटालियन वर्कशॉपांकडे गेलं, डिझाईन आणि तपासणी घरात. जुन्या कारागिरांना ते किती रुचलं असेल सांगता येत नाही, पण त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तो घोड्याच्या नालेसारखा आकडा, गान्चिनी, पर्सच्या कडीला असतो तो, तोही याच काळातला, वाड्याच्या लोखंडी दरवाज्यावरून उचललेला.

आता गुच्चीशी तुलना करायचीच, कारण दोन्ही दुकानं मूळची एकमेकांपासून चालत पाचेक मिनिटांवर, काळ तोच, माल साधारण त्याच वर्गाचा. गुच्चोंच्या तीन मुलांकडे समान तिसरा हिस्सा. १९७४ ला मधला भाऊ वास्को गेला, त्याचा हिस्सा उरलेल्या दोघांनी घेतला, आल्दो आणि रोदोल्फो, पन्नास-पन्नास. इथेच केस फसली असं मी म्हणेन. आल्दोने आपल्यातले दहा टक्के स्वतःच्या तीन मुलांना वाटले, ३.३ टक्के प्रत्येकी. आल्दोचा मुलगा पाओलो, तोही डिझायनर, त्याला स्वतःच्या नावाने माल काढायचा होता, बापाने आणि काकाने अडवला, नोकरीवरून काढला. त्याने काय करावं? बापाची टॅक्सची कागदपत्रं अमेरिकन सरकारला दिली. १९८६ ला ८१ वर्षांचा आल्दो तुरुंगात. मधल्या काळात रोदोल्फो वारला आणि त्याचा मुलगा माउरित्सियो ५० टक्क्यांचा धनी झाला, त्याने पाओलोच्या त्या ३.३ टक्क्यांच्या जोरावर आल्दो काकाला खुर्चीवरून उतरवलं. पुढे आल्दोच्या घराने सगळं बहारीनच्या इन्व्हेस्टकॉर्पला विकलं, आणि १९९३ ला माउरित्सियोनेही. दोन वर्षांनी मिलानमध्ये ऑफिसच्या दारात त्याचा खून झाला, सुपारी घटस्फोटित बायकोची. इतकी भाऊबंदकी कुठल्याही पेशव्यांना लाजवेल.

दोन्हीकडे माणसं इटालियनच, दोन्हीकडे हट्टी. फरक कशात? गुच्चीत मालकी वाटलेली आणि काम एकमेकांत गुंतलेलं, पाओलो काय डिझाईन करणार यावर आल्दोही बोलणार आणि रोदोल्फोही. फेरागामोत बरोबर उलट. पण मला आणखी एक वाटतं, आणि हे बहुतेक लोक बोलत नाहीत. वांडाबाई जगल्या. १९ ऑक्टोबर २०१८ ला गेल्या, वय ९६. म्हणजे नवऱ्यानंतर ५८ वर्षं घरात एक माणूस असा होता ज्याचा शब्द शेवटचा. पोरं साठीला टेकली तरी आई आहे म्हटल्यावर आवाज चढत नाही. गुच्चोंनंतर गुच्चीत असं कुणीच नव्हतं. त्यामुळे हे सगळं गव्हर्नन्सचं यश म्हणून जे मॅनेजमेंटवाले शिकवतात त्यात निम्मं श्रेय बाईंच्या आयुष्यरेषेला द्यायला हवं.

तरी बाईंनी आयुष्यरेषेवर सोडून दिलं नाही हे खरं. तिसरी पिढी आली, नातवंडं तेवीस. सहाचं ठीक होतं, तेवीस खुर्च्या कुठून आणणार. तेव्हा घराने नियम केला की तिसऱ्या पिढीतल्या फक्त तिघांनी कंपनीत काम करायचं. आणि तिघांनाही अटी, डिग्री हवी, परदेशी भाषा यायला हवी, आधी बाहेर कुठेतरी नोकरी केलेली हवी. आत गेले ते फेरुच्योचा जेम्स, फुल्वियाची अँजेलिका आणि फियामाचा दिएगो. फियामा स्वतः १९९८ ला कॅन्सरने गेली होती, सत्तावन्नाव्या वर्षी.

वीस जणांना दारातून परत पाठवायचं आणि तेही दिवाळी-नाताळला एकाच टेबलावर जेवायचं, विचार करा. बाकीच्यांसाठी मोकळं मैदान ठेवलं होतं हे मला महत्त्वाचं वाटतं. घराण्याची फ्लॉरेन्समध्ये हॉटेलं आहेत, लुंगार्नो नावाची. फेरुच्योने १९९३ ला तोस्कानात इल बोर्रो म्हणून पडीक जुनं गावच विकत घेतलं होतं, तिथे आता वाईन आणि हॉटेल आहे, ते त्याचा मुलगा साल्वातोरे बघतो. लिओनार्दोने फिनलंडची स्वान बोटी बनवणारी कंपनी घेतली. म्हणजे हिस्सा आहे, डिव्हिडंड आहे, स्वतःचं काही करायचं असेल तर वाव आहे, फक्त बुटांच्या ऑफिसात नाही. ज्याला काहीच दुसरं दिलं नाही त्याला नाही म्हणणं आणि ज्याला द्यायला काही आहे त्याला नाही म्हणणं यात फरक आहे, आणि पाओलो गुच्ची पहिल्या प्रकारातला होता.

पण या नियमाची एक गंमत बघा. डिग्री, भाषा, बाहेरचा अनुभव. बोनितोच्या ज्या पोराने नऊव्या वर्षी बहिणीचे बूट शिवले तो या नियमात बसलाच नसता. फियामाही नाही, ती तर सोळाव्या वर्षी थेट बापाकडे आली. हा नियम चांगला मॅनेजर निवडतो, भांडण टाळतो, पण ज्याच्या हातात कला आहे असा माणूस या चाळणीतून खाली पडू शकतो. मला या केसमध्ये हाच खरा अडकलेला काटा वाटतो.

नियमाबरोबर आणखी एक पाऊल, वरची खुर्ची घराबाहेर द्यायची. २००६ ला मिकेले नोर्सा सीईओ म्हणून आले, पहिले बिगर-फेरागामो. त्याआधी घराच्या कारभारात एक फटका बसला होता, १९९६ ला पॅरिसचं उंगारो हे फॅशन हाऊस घेतलं, ते काही चाललं नाही, २००५ ला विकून टाकलं. १९३३ च्या दिवाळ्याची आठवण घरात असावी बहुतेक, कारण नंतर त्यांनी दुसरे ब्रँड गोळा करायचा नाद केला नाही. त्याच काळात प्राडाने, हो तीच कोल्हापुरीवाली प्राडा, जिल सँडर आणि हेल्मुट लँग हे ब्रँड घेऊन कर्जाचा डोंगर केला होता, पण ती केस वेगळी. फेरागामोने २०११ च्या सुरुवातीला हाँगकाँगचे उद्योगपती पीटर वू यांना ८ टक्के दिले आणि २९ जूनला मिलानच्या बाजारात लिस्टिंग केलं, ९ युरो भावाने. चीनमध्ये १९९४ पासून दुकानं होतीच, ते दशक चीनचं होतं. विक्री २०१० ला ७८ कोटी युरोच्या आसपास, २०१५ ला १४३ कोटी. शेअर तिपटीवर गेला. नोर्सांचा काळ म्हणजे या घराचा सोन्याचा काळ, पैशाच्या बाबतीत तरी.

मग उतरण लागली. २०१६ ला नोर्सांनी सीईओपद सोडलं, पोलेत्तो आले, दीडेक वर्षात तेही बाहेर. मग मिकाएला ले दिव्हेलेक, त्या गुच्चीतून आलेल्या. मग २०२२ ला बर्बेरीहून मार्को गोबेटी, आणि त्यांनी तरुण ब्रिटिश डिझायनर मॅक्सिमिलियन डेव्हिसला आणलं, ब्रँडच्या पाटीवरून 'साल्वातोरे' काढून नुसतं फेरागामो केलं, रंग लालभडक. समीक्षकांनी कौतुक केलं, गिऱ्हाइकाने फार नाही. वारावाली जुनी बाई बिचकली आणि नवी तरुण पोरगी काही झुंडीने आली नाही. २०२३ ची विक्री ११५ कोटी, २०२४ ची १०३ कोटी. ९ युरोला घेतलेला शेअर ९ च्या खाली. मार्च २०२५ ला गोबेटीही बाहेर आणि अधिकार तात्पुरते पुन्हा चेअरमनकडे, म्हणजे लिओनार्दोकडे. साल्वातोरे गेले तेव्हा हा सात वर्षांचा होता.

याच काळात गुच्चीचं काय? घराणं बाहेर पडल्यावर, पिनो कुटुंबाच्या केरिंग या फ्रेंच ग्रुपच्या मालकीत, २०१५ ला ३९० कोटी, २०२२ ला एक हजार कोटींच्या वर, मग तिथेही घसरण, पण घसरूनही २०२४ ला साडेसातशे कोटींच्या पुढे. म्हणजे भांडून विकलं गेलेलं घर ब्रँड म्हणून सातपट मोठं, आणि एकोप्याने राहिलेलं घर लहान आणि धापा टाकतंय. आता तुम्ही यश कशाला म्हणणार? गुंतवणूकदार असाल तर उत्तर सोपं आहे. पण माझ्या मते तुलना जरा फसवी आहे, कारण गुच्चीच्या मागे पिनोंचा पैसा, मोठा ग्रुप, आणि टॉम फोर्डसारखा डिझायनर योग्य वेळी आतच सापडला. फेरागामोची अडचण घराणं असणं ही नाही, १९९८ नंतर बुटांच्या टेबलावर फियामासारखं कुणी बसलं नाही ही आहे, आणि सीईओ दर तीन वर्षांनी बदलले तर जो कुणी डिझायनर आहे त्याला जम बसवायला वेळ कुठून मिळणार. सीईओंना लगेच बदलणं हे मात्र घराण्याचंच काम, ते त्यांच्या पदरात टाकावं लागेल. पहिल्या बाहेरच्या माणसाला दहा वर्षं दिली होती, पुढच्यांना दोन-तीन.

विकणार का, ही अफवा बाजारात दर काही महिन्यांनी उठते, घराकडून दरवेळी नकार येतो. तीनचा नियम तिसऱ्या पिढीपुरता होता आणि आता चौथी पिढी वयात येतेय. अँजेलिका कंपनीची व्हाईस चेअरमन आहे. लिओनार्दो सत्तरी ओलांडून बसलेत. आणि या वेळी टेबलाच्या टोकाला ती बाई नाही, तेव्हा पुढचा नियम कोण करणार आणि बाकीचे तो ऐकणार का, या घराची पहिली खरी परीक्षा मला तरी हीच वाटते.